ऑफिसचा ईपीएबीएक्स टीम्सला जोडण्याआधीची तयारी

ऑफिसचं अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज, म्हणजे ईपीएबीएक्स, मायक्रोसॉफ्ट टीम्सला जोडायचं असेल तर सुरुवात क्रोन बॉक्सपासून, म्हणजे टेलिफोनच्या तारांच्या जोड्या एकत्र येतात त्या पेटीपासून करा. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या जुन्या कारखान्यांत कोणती जोडी कुठल्या टेबलावर जाते हे बहुतेक वेळा एकट्या वायरमनला ठाऊक असतं. त्याला बरोबर घेऊन प्रत्येक एक्स्टेंशन (आतला फोन) लिहून काढा: नंबर, टेबल, डिजिटल की साधा फोन, बाहेर कॉल करण्याची मुभा आहे का. गेटवरचा फोन, फॅक्स आणि लिफ्टमधला फोन वेगळे काढा. हे तिन्ही जुन्या ईपीएबीएक्सवरच राहू द्यावेत. फॅक्स टीम्सकडे वळवण्याचा खटाटोप करूच नये.

मग लाइनी मोजा. एका पीआरआयवर, म्हणजे टेलिकॉम कंपनीच्या डिजिटल लाइनवर, एका वेळी ३० कॉल चालतात. चाळीस एक्स्टेंशन आहेत म्हणून चाळीस चॅनल (एका वेळी चालणाऱ्या कॉलच्या वाटा) लागत नाहीत. ईपीएबीएक्समधून आठवडाभराची कॉल नोंद काढा, एका क्षणी जास्तीत जास्त किती कॉल चालू होते ते पाहा आणि एसबीसीची, म्हणजे ईपीएबीएक्स आणि टीम्स यांना जोडणाऱ्या उपकरणाची, क्षमता त्यावरून ठरवा. लाइन टीम्सला जोडायला चालेल, असं टेलिकॉम कंपनीकडून लेखी घ्या. परगावच्या शाखेचा कॉल इंटरनेटवरून आणून सोलापूरच्या लाइनवर उतरवणं म्हणजे टोल बायपास, आणि ते नियमात बसत नाही.

सगळ्यात जास्त वेळ नंबरांच्या आराखड्याला द्या. पहिल्या दिवशीचा गोंधळ इथेच होतो. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी ० लागतो. ईपीएबीएक्सवर लाइन घ्यायलाही ० दाबतात. त्यामुळे लोकांच्या बोटांना ००९८… अशी सवय झालेली असते. टीम्सच्या दृष्टीने मात्र ०० म्हणजे परदेश आणि ९८ म्हणजे इराण! म्हणून ०० नंतर दहा आकडी मोबाइल नंबर आला तर तो +९१ मध्ये बदलायचा, हा नियम टीम्सच्या डायल प्लॅनमध्ये (फिरवलेला नंबर कसा वाचायचा याच्या नियमांत) आधीच घाला आणि ज्यांना गरज नाही त्यांचं आयएसडी बंद ठेवा. परदेशी ग्राहकांशी बोलणाऱ्या एक्स्पोर्ट विभागाला + लावून नंबर फिरवायला शिकवा.

उलट दिशेने टीम्स एसबीसीला +९१९८… देतं. पीआरआयकडे पाठवताना +९१ काढून ० लावावा लागतो. सोलापूरचे सात आकडी नंबर टीम्समध्ये +९१२१७ लावून पूर्ण भरा. एक्स्टेंशन १ ने सुरू होत असतील तर ती बदला, कारण ११२, १०१, १०८ यांच्याशी टक्कर होते. उत्तर न मिळालेला कॉल ईपीएबीएक्सने टीम्सकडे आणि टीम्सने परत ईपीएबीएक्सकडे ढकलला, तर तो गोल फिरत राहतो आणि चॅनल खात जातो. पुढे पाठवण्याचा नियम एकाच बाजूला ठेवा.

एसबीसी टीम्ससाठी प्रमाणित हवा. त्याला स्थिर सार्वजनिक आयपी आणि तुमच्या स्वतःच्या डोमेनमधलं नाव लागतं. मायक्रोसॉफ्टकडून मिळालेलं ऑनमायक्रोसॉफ्ट डॉट कॉमचं नाव चालत नाही. एसबीसीची ओळख पटवणारं डिजिटल सर्टिफिकेट मान्यताप्राप्त संस्थेचंच घ्या आणि ते संपण्याची तारीख दोघांच्या कॅलेंडरमध्ये टाका. एसबीसीचं घड्याळ चुकलं तरी टीएलएस (सुरक्षित) जोडणी होत नाही. फायरवॉलमध्ये सिग्नलिंगसाठी (कॉल लावण्या-तोडण्याच्या संदेशांसाठी) टीसीपी ५०६१ आणि आवाजाचे यूडीपी पोर्ट उघडा, सिप एएलजी (या संदेशांत फेरफार करणारी सोय) बंद करा. कॉल लागतो पण एकाच बाजूचा आवाज येतो, तेव्हा दोष बहुधा एनएटीत (आतले आयपी पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलण्यात) किंवा या पोर्टमध्ये असतो.

इंटरनेटचा वेग पुरतो. जी.७११ या आवाजाच्या पद्धतीत एका कॉलला प्रत्येक दिशेला साधारण ९० केबीपीएस, म्हणजे दहा कॉलना १ एमबीपीएसच्या आत. खरं पाहायचं ते जिटर (आवाजाची पॅकेट पोहोचण्याच्या वेळेतला चढउतार) ३० मिलिसेकंदांखाली आणि पॅकेट लॉस (वाटेत हरवणारी पॅकेट) १ टक्क्याखाली आहे का, तेही सकाळी अकराला, सगळे कामात असताना. रात्रीची चाचणी कामाची नाही.

ईपीएबीएक्स, एसबीसी, स्विच आणि फायबरचा ओएनटी (फायबरची तार जिथे जोडतात तो मोडेमसारखा डबा) हे चारही यूपीएसवर हवेत. ओएनटी हमखास राहून जातो आणि वीज गेली की सगळेच फोन बंद पडतात. इथल्या उन्हाळ्यात जमीन वाळते, अर्थिंग कमजोर होतं. मार्चपासूनच अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाला. रॅकची खोली पत्र्याखाली असेल तर जागा बदला.

बदलाचा दिवस गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीत धरू नका. ऑफिस मोकळं मिळतं, पण टेलिकॉम कंपनीचा माणूस मिळत नाही. शनिवारी दुपारनंतरची वेळ बरी. आधी पाच जणांना टीम्सवर आणा: रिसेप्शन, अकाउंट्स, एक्स्पोर्ट आणि दोन फिरते प्रतिनिधी. कॉल ट्रान्सफर, होल्ड आणि बँकेच्या आयव्हीआरवर ("अमुकसाठी १ दाबा" सांगणाऱ्या यंत्रणेवर) आकडे दाबणं तपासा. आकडे पोहोचत नसतील तर दोन्ही बाजूंची डीटीएमएफ (दाबलेले आकडे पाठवण्याची) पद्धत एकच आहे का ते पाहा. जुन्या ईपीएबीएक्सच्या प्रोग्रॅमिंगचा बॅकअप घ्या आणि नव्या व्यवस्थेचं महिन्याचं पहिलं बिल कॉल नोंदीशी जुळेपर्यंत त्यातलं काहीही पुसू नका.