वर्षाचा वाचनाचा गोल (उद्दिष्ट) कसा ट्रॅक करायचा आणि पुस्तकाबद्दल मत कसं लिहायचं

जानेवारीत यंदा पन्नास पुस्तकं वाचणार असं जाहीर करायचं आणि एप्रिल येईपर्यंत त्याचं नावच काढायचं नाही, असं खूप जणांचं होतं. वाचायची इच्छा असतेच, पण तो पन्नासचा आकडा दुसऱ्या कुणाचा तरी बघून घेतलेला असतो, आपल्या दिवसात वाचायला किती वेळ निघतो याच्याशी त्याचा काही संबंध नसतो. म्हणून हे सगळं जरा सविस्तर लिहितेय. आणि माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, पुस्तकं मोजणं हे दुय्यम काम आहे, वाचून झाल्यावर त्या पुस्तकाबद्दल चार ओळी लिहिणं हे खरं काम. दोन वर्षांनी किती पुस्तकं वाचली होती हे कुणी विचारत नाही, पण अमुक पुस्तक कसं आहे गं, वाचू का, असं हमखास विचारतात, आणि तेव्हा त्या चार ओळीच कामाला येतात.

गोल ठरवताना

आधी एक आठवडा काहीही न ठरवता एरवी वाचता तसंच वाचा, फक्त रोज किती पानं झाली ते मोबाइलमध्ये कुठेतरी टाकून ठेवा. शनिवार-रविवारही त्यात धरा, कारण काहींचं सगळं वाचन सुट्टीच्या दिवशीच होतं. आठवड्याची सरासरी काढली की पुढचं गणित सोपं आहे. समजा रोजची १५ पानं निघाली. आता वर्षाचे ३६५ दिवस धरू नका, आजारपण असतं, प्रवास असतो, कामाचा लोड असतो, ३०० दिवस धरा. १५ गुणिले ३०० म्हणजे ४,५०० पानं, आणि एक पुस्तक सरासरी २५० पानांचं धरलं तर १८ पुस्तकं. रोजची २० पानं होत असतील तर ६,००० पानं, म्हणजे २४ पुस्तकं, महिन्याला दोन. हा आकडा तुमचा स्वतःचा आहे, त्यामुळे तो पूर्ण व्हायची शक्यता कितीतरी जास्त.

नेटवर वाचनाच्या स्पीडचे आकडे फिरत असतात त्यावरून मात्र गोल ठरवू नका. मार्क ब्रिसबर्ट या संशोधकाने २०१९ मध्ये १९० अभ्यासांमधला डेटा एकत्र करून सरासरी काढली होती, मनात वाचताना मोठी माणसं माहितीपर मजकूर मिनिटाला साधारण २३८ शब्द आणि कथा-कादंबरी साधारण २६० शब्द या वेगाने वाचतात. पण ते सगळं इंग्रजी वाचनाचं आहे. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे शब्दांची मोजणीच वेगळी होते. शिवाय एकच माणूस रहस्यकथा आणि तत्त्वज्ञान एकाच वेगाने वाचत नाही. टायमर लावून अर्धा तास वाचा, पानं मोजा, एवढं पुरे.

पुस्तकं मोजायची की पानं की तास? मी पानांच्या बाजूने आहे आणि त्याला कारण आहे. पुस्तकांच्या संख्येचा गोल ठेवला की वर्षाच्या शेवटी शेवटी हात आपोआप बारीक पुस्तकांकडे जातो आणि सातशे पानांची जी कादंबरी कधीपासून वाचायची आहे ती पुन्हा पुढच्या वर्षावर ढकलली जाते, कारण तीही एकच धरली जाणार आणि ऐंशी पानांची कथाही एकच. अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा १९७५ चा एक नियम आहे, त्याचा सार असा की एखादं माप हेच उद्दिष्ट बनलं की ते चांगलं माप राहत नाही. वाचनाच्या गोलला हा शंभर टक्के लागू पडतो. पानांचा गोल असला की जाड पुस्तकाची भीती जाते. तासांचा गोल ऑडिओबुक ऐकणाऱ्यांना आणि खूप हळू, रेंगाळत वाचणाऱ्यांना बरा. कविता वाचणाऱ्यांनी तर पानं मोजूच नयेत, एक कविता दिवसभर डोक्यात राहू शकते, त्यांनी 'रोज अर्धा तास' एवढंच ठेवावं.

आणि काय धरायचं, काय नाही, हे सुरुवातीलाच ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहून टाका, म्हणजे डिसेंबरात स्वतःशीच वाद होत नाही. ऑडिओबुक धरायचं का? माझ्या मते हो, बिनधास्त. पुन्हा वाचलेलं पुस्तक? हो, दुसऱ्यांदा वाचताना बऱ्याचदा पहिल्यापेक्षा जास्त हाताला लागतं. परीक्षेसाठी वाचलेली पुस्तकं? ते तुमचं तुम्ही ठरवा, पण एकदाच ठरवा.

अर्धवट सोडलेल्या पुस्तकाचा नियमही लागतोच. अमेरिकन ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा ५० पानांचा नियम खूप जण वापरतात: पहिली ५० पानं वाचा, पकड घेतली नाही तर सोडून द्या, आणि तुमचं वय पन्नासच्या पुढे असेल तर १०० मधून वय वजा करा, जे उरेल तेवढीच पानं वाचायची. म्हणजे ७० वर्षांच्या माणसाने ३० पानांत ठरवायचं. मला हा नियम फार आवडतो. सोडलेलं पुस्तक नोंदीत मात्र ठेवाच, कितव्या पानावर सोडलं आणि का, एवढं. वाचलेली पानं पानांच्या हिशोबात धरा, पुस्तक 'पूर्ण' मध्ये धरू नका.

नोंद कुठे ठेवायची

जे साधन तुम्ही एरवीही रोज उघडता तिथे. वहीवाल्यांनी वही, मोबाइलवाल्यांनी अ‍ॅप. वहीत प्रत्येक पुस्तकाला अर्धं पान द्या आणि मागच्या बाजूला महिन्याची नुसती यादी ठेवा.

स्प्रेडशीट करायची असेल तर रकाने कमी ठेवा, खूप रकाने केले की भरायचाच कंटाळा येतो. पुस्तकाचं नाव, लेखक, अनुवादक, भाषा, पानं, सुरू केल्याची तारीख, संपल्याची तारीख, आणि एक रकाना 'हे माझ्यापर्यंत कसं आलं'. हा शेवटचा लोक ठेवत नाहीत, पण तो भारी उपयोगी आहे, कारण वर्षभराने त्याच्याकडे बघितलं की कुणी सुचवलेली पुस्तकं आपल्याला आवडतात आणि नुसत्या जाहिरातीमुळे घेतलेली किती पडून राहिली हे लगेच दिसतं. अनुवादकाचा रकानाही काढू नका. अनुवादित पुस्तकाची भाषा आवडली तर ते श्रेय अनुवादकाचं पण असतं, आणि त्याच माणसाचं दुसरं काम शोधायला नाव लागतं.

आपण मागे आहोत की पुढे हे बघायचं असेल तर गोल गुणिले वर्षाचे झालेले दिवस भागिले ३६५ करा. ३१ मार्चला ९० दिवस झालेले असतात, २४ चा गोल असेल तर २४ गुणिले ९० भागिले ३६५, म्हणजे जवळपास ६ पुस्तकं झालेली हवीत. हे महिन्यातून एकदाच बघा, रोज बघू नका. चारच झाली असतील तर दोन पर्याय आहेत, एक तर रोजची पानं वाढवा, नाहीतर सरळ गोल कमी करा. वर्षाच्या मध्यात गोल कमी केला म्हणून काही बिघडत नाही, घाईघाईने पानं उलटण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

अ‍ॅपमध्ये सगळ्यात जास्त वापरलं जाणारं गुडरीड्स, २००७ पासून आहे आणि २०१३ मध्ये अ‍ॅमेझॉनने ते विकत घेतलं. तिथला वर्षाचा रीडिंग चॅलेंज पुस्तकांच्या संख्येवर चालतो आणि त्यात बरेच जण एका गोष्टीवर अडकतात: पुस्तक 'रीड' म्हणजे वाचून झालेल्यांच्या यादीत टाकलं पण संपल्याची तारीख भरली नाही तर ते त्या वर्षाच्या मोजणीत येत नाही. पुस्तक झालं आणि आकडा हलला नाही तर आधी तारीख तपासा. दुसरं म्हणजे आवृत्ती. एकाच पुस्तकाच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांची पानं वेगळी असतात, मराठी पुस्तकं तर कधी देवनागरीत टाकलेली असतात कधी रोमन स्पेलिंगने, नावाने शोधून सापडत नाहीत. अशा वेळी मागच्या कव्हरवर बारकोडजवळ असलेला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, टाकून शोधा. २००७ पासून तो १३ आकडी आहे, त्याआधीच्या पुस्तकांवर १० आकडी मिळेल.

पानांचा किंवा तासांचा गोल हवा असेल तर स्टोरीग्राफ हे दुसरं अ‍ॅप बघा, तिथे तो ठेवता येतो, आणि रेटिंगही पाव स्टारपर्यंत देता येतं. गुडरीड्सवरून यादी फाइल म्हणून काढून तिथे चढवता येते, त्यामुळे नव्याने सगळं टाइप करायला लागत नाही. कुठलंही अ‍ॅप वापरा, पण वर्षातून एक-दोनदा ती फाइल काढून स्वतःकडे ठेवा. तुमची मतं तुमच्याकडे असायला हवीत.

मत कसं लिहायचं

पुस्तक संपलं त्याच दिवशी लिहा, फार तर दुसऱ्या दिवशी. आठवडा गेला की कथानक लक्षात राहतं, पण आपल्याला कुठे काय वाटलं ते पुसट होतं, आणि मग 'छान आहे, नक्की वाचा' याच्या पलीकडे काही सुचत नाही. वाचतानाच पेन्सिलने पान नंबर टिपून ठेवलेले असतील तर लिहिणं अर्ध्यावर येतं. शेवटच्या कोऱ्या पानावर नुसतं '४७ आईचं पत्र', '११२ कंटाळा', '२०३ हे कशाला' असं टिपा.

आता एक उदाहरण देते. समजा दोन बहिणी आणि त्यांच्या वडिलांच्या घराची वाटणी अशा विषयावरची एखादी कादंबरी वाचली. पहिलं मत असं: 'अप्रतिम कादंबरी, नात्यांचं सुंदर चित्रण, ओघवती भाषा, जरूर वाचा.' हे कुठल्याही कादंबरीला चिकटवता येईल, वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. दुसरं असं: 'गोष्ट धाकटीच्या तोंडून आहे, त्यामुळे पहिली शंभर पानं मला थोरली स्वार्थी वाटत होती. मग मध्येच थोरलीची तीन पत्रं येतात आणि सगळं उलटं दिसायला लागतं. कोर्टाचा भाग लांबलाय, तिथे मी दोनदा पुस्तक खाली ठेवलं. संवाद इतके खरे आहेत की कोण बोलतंय हे नाव न वाचता कळतं. घटना भराभर घडाव्यात अशी अपेक्षा असेल तर हे पुस्तक तुमच्यासाठी नाही.' बघा, दुसरं फार मोठं नाही, पण वाचून माणूस ठरवू शकतो.

यात काय काय आलं? पुस्तक कशा पद्धतीने सांगितलंय, एक ठिकाण जिथे मत बदललं, एक न आवडलेली गोष्ट कारणासकट, एक आवडलेली गोष्ट पुराव्यासकट, आणि हे कुणासाठी आहे. दरवेळी पाचही यायलाच हवेत असं नाही, पण 'कुणासाठी' हे शक्यतो सोडू नका. तुम्हाला न आवडलेलं पुस्तक दुसऱ्याला हवं तेच असू शकतं, आणि तुमची तक्रार वाचूनच तो ते उचलेल.

कथानक दोन-तीन वाक्यांत आटपा. पुस्तकाच्या पहिल्या पाव भागात जे कळतं तेवढं सांगायला हरकत नाही, त्यापुढचं सांगायचं असेल तर आधी स्पष्ट 'स्पॉयलर' (पुढची गोष्ट फोडणारा मजकूर) असं लिहा आणि मध्ये जागा सोडा. आणि शेवटी मोठा धक्का आहे असं सांगणं हाही स्पॉयलरच आहे, लोकांना ते कळत नाही. वाचणारा मग पूर्ण पुस्तकभर धक्क्याचीच वाट बघत बसतो.

न आवडलेल्या पुस्तकाबद्दल जरूर लिहा, नुसती कौतुकंच लिहिणाऱ्याच्या कौतुकाला वजन राहत नाही. पण लेखकाने जे करायचं ठरवलं होतं ते त्याला जमलं का हे बघा, विनोदी पुस्तकात गांभीर्य नाही म्हणून मार्क कापण्यात अर्थ नाही. आणि बोलायचं ते पुस्तकाबद्दल, लेखकाबद्दल किंवा ते आवडणाऱ्यांबद्दल नाही. 'हे कुणाला आवडतं तरी कसं' या वाक्याने चर्चा तिथेच बंद होते, 'मला हे पटलं नाही, तुला कशामुळे पटलं' असं विचारलं की सुरू होते. पुस्तक लेखकाने किंवा प्रकाशकाने फुकट दिलेलं असेल तर ते पहिल्याच ओळीत सांगा. अख्ख्या पानांचे फोटो टाकत सुटू नका, एखादा परिच्छेद टाइप करून पान नंबरासह दिला की पुरतं.

स्टार द्यायचे असतील तर तुमच्यासाठी त्यांचा अर्थ काय हे एकदा लिहून ठेवा. गुडरीड्सवर दोन स्टार म्हणजे 'ठीक होतं', तीन म्हणजे 'आवडलं', पाच म्हणजे 'कमाल'. आपल्याकडे तीन दिले की लोकांना वाटतं पुस्तक पडेल आहे, म्हणून सगळे चार-पाचच वाटत सुटतात. मी तरी तीन मोकळेपणाने द्यावेत याच मताची आहे. आणि काही पुस्तकांना स्टार देऊच नयेत, कुणाच्या खऱ्या दुःखाची आठवण सांगणारं पुस्तक पाचपैकी किती हे कसं सांगणार, तिथे फक्त शब्द लिहा.

डिसेंबरात बसून सगळ्या नोंदी एकदा सलग वाचा, तास-दीड तास लागतो. तेव्हा यादीत कुठल्या भाषेची, कुठल्या प्रकारची पुस्तकं अजिबात नाहीत हे बघा आणि पुढच्या वर्षी त्यातलं एखादं मुद्दाम घ्या, आणि एखाद्या पुस्तकाबद्दलचं मत बदललं असेल तर जुनं खोडू नका, त्याखालीच नवीन तारीख टाकून लिहा. ३१ डिसेंबरला एखादं पुस्तक अर्ध्यात असेल तर संपवायची घाई करू नका. पुस्तकं मोजत असाल तर ते ज्या वर्षी संपेल त्या वर्षात जाईल, पानं मोजत असाल तर आजपर्यंतची पानं या वर्षात आणि उरलेली पुढच्या.