ईबीसी ट्रेक: उतरायची तयारी पण घरूनच करा

ईबीसीला म्हणजे एव्हरेस्ट बेस कॅम्पला जायचं ठरलं की सगळ्यांच्या याद्या वरच्याच दिशेने सुरू होतात, डाउन जॅकेट कुठलं घेऊ, डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची का, बेस कॅम्पच्या आधीच्या शेवटच्या मुक्कामाला, गोरक्षेपला, रात्री किती थंडी असते, आणि ५,३६४ मीटरवर तो फोटो निघाला की यादी संपली. पण तिथे तुम्ही साधारण आठव्या दिवशी पोचता आणि मग लुक्लापर्यंत (विमान उतरतं ते गाव, चालणं तिथूनच सुरू होतं) सगळं चालतच परत यायचं असतं, तेही तीन-साडेतीन दिवसांत. मी याचा काहीच विचार न करता गेले होते आणि दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी करून आले. म्हणून ही उतरायची यादी.

सगळ्यात आधी मांड्या. चढायची प्रॅक्टिस सगळे करतात, उतरायची कोणीच करत नाही. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, या कामाची सवय नसेल तर लगेच काही वाटत नाही पण दुसऱ्या दिवशी असा धरतो की टॉयलेटला बसायची पण पंचाईत. हे दुखणं एक ते तीन दिवसांत कधीही टिपेला जातं, म्हणजे हिशोब केला तर नेमकं नामचे (वाटेतलं मोठं गाव) ते लुक्ला या सगळ्यात लांब दिवशी. बरी गोष्ट अशी की एकदा दुखून गेलं की पुढच्या वेळी तेच काम केल्यावर बरंच कमी दुखतं, तेव्हा ते पहिलं दुखणं घरी सोसून घ्या. निघायच्या दीड-दोन महिने आधीपासून आठवड्यातून दोनदा जिने, आणि लिफ्टने वर जाऊन चालत खाली उतरलात तरी चालेल (शेजारी हसतील, हसू दे), नंतर पाठीवर पाच-सहा किलोची सॅक घेऊन. शेवटच्या आठवड्यात मात्र काही जोरकस करू नका.

नखं निघायच्या तीन-चार दिवस आधी सरळ कापा, कोपरे खोल घेऊ नका, आणि नेलकटर बरोबर न्या कारण परतीपर्यंत ती पुन्हा वाढतात. बूट घेताना दुकानातच उतारावर किंवा पायरीवर उभं राहून बघा, बोटं पुढे टेकली तर अर्धा नंबर मोठा घ्या. उतरायच्या दिवशी सकाळी टाच पूर्ण मागे सरकवून घोट्यापाशी लेस घट्ट बांधायची म्हणजे पाय पुढे घसरत नाही. हे मला गाइड दाईंनी (नेपाळीत दाई म्हणजे दादा) फेरीचे गावात शिकवलं, तोवर नखांचा निकाल लागला होता. पोल (चालायच्या काठ्या) चढताना होते त्यापेक्षा पाच-दहा सेंटीमीटर लांब करा. नीकॅप आणि ब्लिस्टर टेप डफलमध्ये नाही, रोजच्या सॅकमध्ये, डफल पोर्टरकडे असते आणि तो तुमच्या दोन तास पुढे.

आता रस्ता डोक्यात ठेवा, कारण ‘आता काय, उतारच आहे’ हे वाक्य साफ खोटं आहे. बरेच जण पहाटे गोरक्षेपजवळचं काला पत्थर हे टेकाड करतात, म्हणजे साडेपाच हजार मीटरच्या वर, आणि त्याच दिवशी तिथून हजाराहून जास्त मीटर खाली फेरीचेला येतात, हा दिवस लांब असतो पण हवा दाट होत जाते म्हणून सुखाचा वाटतो. दुसऱ्या दिवशी तेंगबोचेहून थेट नदीपर्यंत फुंकी थेंगाला उतरायचं आणि मग नामचेच्या बाजूला पुन्हा चांगला तीनेकशे मीटरचा चढ. तिसऱ्या दिवशी नामचे ३,४४० वरून झुलते पूल करत करत फाकदिंग २,६१०, आणि पाय पार संपलेले असताना तिथून लुक्लाचा चढ. लुक्ला वर आहे हो! जाताना आपण आनंदात खाली उतरलेलो असतो त्यामुळे कोणाच्या लक्षातच राहत नाही. खाण्यातलं थोडं काहीतरी आवडीचं याच शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेवा. खेचरं आणि झोप्क्यो (याक आणि गाईचा संकर) आले की डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या नाही, दमलेला माणूस नेमका इथेच चुकतो. परमिटचा कागद वरच्या खिशात, मोंजोला नॅशनल पार्कच्या गेटवर परतताना पण एंट्री बघतात.

खोकला येणारच, खुंबू कफ म्हणतात त्याला, थंड कोरड्या हवेने घसा सोलवटतो, बफ (गळ्यात घालायचा कापडी पट्टा) तोंडावर ठेवा आणि गोळ्या जास्तीच्या न्या. पण बसल्या जागी दम लागत असेल, किंवा सरळ रेषेत चालताना तोल जात असेल, तर तो नुसता खोकला किंवा थकवा समजायचा नाही, उंचीचा त्रास असू शकतो, लगेच गाइडला सांगायचं आणि खाली निघायचं, रात्र असली तरी. फेरीचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं क्लिनिक आहे, सीझनमध्ये डॉक्टर असतात.

इन्शुरन्स घेताना किती मीटरपर्यंत चालतो आणि हेलिकॉप्टर आहे का ते वाचा, सहा हजार मीटरपर्यंतचा बघा. आणि तुम्ही ठणठणीत असताना कोणी म्हणालं की चालत कशाला जाता, हेलिकॉप्टरने जा, इन्शुरन्सवाले देतील, तर सरळ नाही म्हणा. यावरून नेपाळमध्ये मोठा घोटाळा निघाला होता, २०१८ मध्ये सरकारने चौकशीही केली होती.

टिपचं पाकीट. हा विषय सगळे लाजत शेवटच्या रात्रीपर्यंत ढकलतात आणि मग लुक्लाच्या डायनिंग हॉलमध्ये सुट्टे गोळा करत बसतात, आम्ही पण तेच केलं आणि आमच्यातल्या एकाने हिशोब ओरडून विचारला, पोर्टर समोर बसलेले, मेल्याहून मेल्यासारखं झालं. काठमांडूतच ग्रुपमध्ये बोलून आकडा ठरवा, नेपाळी रुपये वेगळ्या पाकिटात ठेवा, गाइडचं वेगळं आणि प्रत्येक पोर्टरचं वेगळं, आणि पोर्टरचं त्याच्याच हातात द्या. पोर्टर डफल टाकून लगेच पुढच्या कामाला जाऊ शकतात, तेव्हा आदल्या रात्री नामचेलाच विचारून ठेवा. एटीएम नामचेला आहे पण त्याच्या भरवशावर राहू नका. हातमोजे, जॅकेट द्यायचं असेल तर चांगल्या अवस्थेतलं द्या, फाटके मोजे देऊन दान केल्याचा आव आणू नका.

विमान हा वेगळाच प्रकार. लुक्लाची धावपट्टी ५२७ मीटरची, उतरती, आणि दुपारी ढग-वारा येतो म्हणून उड्डाणं बहुतेक सकाळीच. ढग बसले की दिवस गेला, कधी दोन-तीन पण जातात. त्यामुळे घरच्या परतीच्या तिकिटाआधी काठमांडूत निदान दोन दिवस मोकळे ठेवा, सगळं ठरल्याप्रमाणे झालं तर हिंडा. सीझनमध्ये विमान काठमांडूऐवजी रामेछापच्या मंथलीला उतरवतात, तिथून काठमांडूपर्यंत गाडीने चार-पाच तास, तेव्हा ‘सकाळी उतरलो, दुपारी घरची फ्लाइट’ असला प्लॅन करूच नका. सामान साधारण पंधरा किलोच चालतं, हातातलं धरून, आणि ओले कपडे जड होतात. पॉवर बँक, औषधं, पासपोर्ट, एक कोरडा जोड हातातल्या सॅकमध्ये.

जागा असेल तर नामचेहून एक किलो कचऱ्याची पिशवी घेऊन खाली या, तिथल्या सगरमाथा प्रदूषण नियंत्रण समितीचा उपक्रम आहे, पिशवी लुक्लाला जमा करायची. मी माझी सॅकच्या बाहेर लटकवली होती, शेवटच्या चढावर तिचं वजन किलोभर नाही, दहा किलो वाटत होतं.

आणि काठमांडूच्या हॉटेलात ठेवून जायच्या बॅगेत धुतलेले कपडे, साबण आणि पट्ट्याची मऊ चप्पल टाका. काळ्या नखांवर परत तेच बूट चढवून जेवायला बाहेर जायचं म्हणजे काय असतं, ते मी केलंय.