मेटल संगीतासाठी गिटार घेताना आधी ब्रिजजवळचा पिकअप बघा

पिकअप म्हणजे तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग, आणि ब्रिज म्हणजे गिटारच्या अंगावर तारा जिथे टेकतात ती पट्टी. तिथे हंबकर, म्हणजे दोन कॉइल्सचा पिकअप, हवाच. सिंगल कॉइल पिकअपवर डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका करणारा इफेक्ट) वाढवलं की गुणगुण इतकी वाढते की रिफ (पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून) त्यात बुडून जातो. हंबकरमधली दोन उलट गुंडाळलेली कॉइल्स ती बरीचशी मारतात. ईएमजी ८१ सारखा अ‍ॅक्टिव्ह पिकअप पाम म्यूट (तळहात तारांवर टेकवून काढलेला दबका आवाज) फार नेटका वाजवतो, पण त्याला ९ व्होल्टची बॅटरी लागते. वाजवून झाल्यावर केबल काढाच, नाहीतर बॅटरी उतरत राहते.

ड्रॉप सी (तारा नेहमीपेक्षा खाली उतरवलेलं ट्यूनिंग) वाजवायचं असेल तर २४.७५ ऐवजी २५.५ इंच स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, घ्या, तारा तेवढ्या ढिल्या पडत नाहीत. आणि पहिल्याच गिटारला फ्लॉइड रोज (दांडीने हलणारा, तारा घट्ट लॉक करणारा ब्रिज) नको, माझं ठाम मत. ट्यूनिंग बदलताना फार वेळ जातो. फिक्स्ड, म्हणजे न हलणारा, ब्रिजच बरा.