हातातला जीपीएस आणि जिओकॅशिंग: आकडे भरण्यापासून डबी हाती लागेपर्यंत

जिओकॅशिंगचा खेळ साधा आहे. कुणीतरी एक डबी (खेळाच्या भाषेत ‘कॅश’) लपवतो, तिचे अक्षांश-रेखांश जिओकॅशिंग डॉट कॉमवर टाकतो, आणि बाकीच्यांनी ती शोधून, आतल्या वहीत नाव-तारीख लिहून, होती तशी परत ठेवायची. अमेरिकन सरकारने मे २००० च्या सुरुवातीला नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक बंद केली आणि ३ मे रोजी ओरेगन राज्यात डेव्ह उल्मर यांनी पहिली बादली अर्धवट जमिनीत पुरून ठेवली. (आजच्या नियमांत ती बसली नसती. जागेच्या मालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय खड्डा खणायला आता मनाई आहे.) महाराष्ट्रात डब्या विरळ आहेत, त्यामुळे एकेका डबीसाठी बरंच चालावं लागतं आणि यंत्र नीट वापरता येणं इथे जास्त महत्त्वाचं ठरतं.

यंत्र कुठलं

शहरातल्या बागेत किंवा टेकडीवर फोन पुरतो. सह्याद्रीत, त्यातून पावसात, फोनचं काही खरं नाही. ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही, रेंज शोधता शोधता बॅटरी उतरते आणि हातातून निसटला तर खर्च मोठा. हातात धरायचा जीपीएस बटणांवर चालतो, साध्या पेन्सिल सेलवर चालतो आणि आपटला तरी सहसा टिकतो.

गार्मिनच्या ईट्रेक्स मालिकेतलं २२एक्स नवशिक्याला पुरेसं आहे. दोन सेलवर ते साधारण २५ तास चालतं. ३२एक्समध्ये त्यावर इलेक्ट्रॉनिक होकायंत्र आणि हवेच्या दाबावर उंची सांगणारा आल्टिमीटर मिळतो. फरकाचे पैसे होकायंत्रासाठी मोजावेत असं आमचं मत आहे. होकायंत्र नसलेलं यंत्र तुमच्या हालचालीवरून दिशा ठरवतं, म्हणून तुम्ही थांबलात की बाण भरकटतो, आणि डबीच्या जवळ पोचल्यावर तर तुम्ही थांबतच असता.

खरेदीच्या आधी एक खबरदारी घ्या. ज्या मॉडेलात ‘इनरीच’ आहे (६६आय, ६७आय वगैरे) ते उपग्रहावरून निरोप पाठवणारं साधन ठरतं आणि दूरसंचार खात्याच्या परवान्याशिवाय भारतात बाळगता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन धावपटूला याच कारणासाठी अडवलं गेलं होतं. परदेशातल्या नातेवाइकाकडून यंत्र मागवताना मॉडेल क्रमांकाच्या शेवटचं अक्षर नीट वाचा. नुसतं सिग्नल घेणारं यंत्र या अडचणीत येत नाही.

घरीच करून ठेवायच्या गोष्टी

सेटअपमध्ये पोझिशन फॉरमॅट ‘अंश आणि दशांश मिनिटं’ असा ठेवा आणि मॅप डेटम (अक्षांश-रेखांश ज्या आधारावर मोजतात ती पद्धत) डब्ल्यूजीएस ८४. कॅशच्या पानावरचे आकडे याच पद्धतीत असतात. नवीन माणूस जागेवर पोचत नाही त्याचं सगळ्यात सामान्य कारण इथेच सापडतं. पानावर उत्तर १८° ३०.५००', पूर्व ७३° ५०.२५०' असं लिहिलेलं असेल तर त्यातलं .५०० म्हणजे अर्धं मिनिट, ३० सेकंद. कुणी ते १८ अंश ३० मिनिटं ५० सेकंद असं भरलं की बिंदू उत्तरेला सहाशे मीटरहून जास्त सरकतो. रेखांशातही तीच चूक केली की पूर्वेला आणखी सुमारे २९० मीटर. यंत्र तक्रार करत नाही, निमूटपणे चुकीच्या झाडाखाली नेऊन उभं करतं. नकाशाच्या ॲपमधून आकडे घेतलेत तर ते बहुधा दशांश अंशांत असतात. हाच बिंदू तिथे १८.५०८३३, ७३.८३७५० असा दिसेल. दशांश चिन्हानंतरच्या भागाला ६० ने गुणलं की मिनिटं मिळतात.

मिनिटाचा हजारावा भाग, म्हणजे शेवटचा आकडा, उत्तर-दक्षिण सुमारे १.८४ मीटर असतो. आपल्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम १.७५ मीटरच्या आसपास. एवढं डोक्यात असलं की आकड्यांत दहाचा फरक दिसताच अठरा मीटर राहिले हे लगेच कळतं.

डेटमचा घोळ जुने टोपोशीट वापरणाऱ्यांना होतो. सर्वे ऑफ इंडियाचे जुने नकाशे एव्हरेस्ट डेटमवर आहेत. त्यावरून वाचलेले आकडे डब्ल्यूजीएस ८४ वर तसेच भरले तर ठिकाण सरकतं.

बॅटरी टाइप ही सेटिंग बहुतेक जण पाहतच नाहीत. रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचा असतो, अल्कलाइन १.५ चा. यंत्राला अल्कलाइन सांगून रिचार्जेबल घातलेत तर बॅटरीची पट्टी खोटं बोलते आणि मधेच संपल्याचा इशारा देते. २००० एमएएचच्या पुढचे, ठेवून ठेवून न उतरणारे चार सेल घ्या: दोन आत, दोन कोरड्या डबीत. नवा-जुना सेल एकत्र नको. पावसाळ्यात यंत्र कपाटात जाणार असेल तर सेल काढून ठेवा. अल्कलाइन गळला की पट्ट्या हिरव्या पडतात.

रूटिंग ‘डायरेक्ट’ ठेवा. गाडीचा मोड राहिला तर यंत्र समोरची टेकडी सोडून तुम्हाला रस्त्याने फिरवून आणतं.

कॅशची माहिती भरायची तर यंत्र केबलने संगणकाला जोडा, ‘गार्मिन’ फोल्डरमधल्या ‘जीपीएक्स’ फोल्डरमध्ये साइटवरून उतरवलेली कॅशची फाइल टाका, ‘इजेक्ट’ करूनच केबल काढा. सशुल्क सदस्यांना पॉकेट क्वेरीने एका फाइलमध्ये १००० पर्यंत कॅश उतरवता येतात. यंत्र संगणकावर दिसत नसेल तर आधी केबल बदलून पाहा. २२एक्स आणि ३२एक्सला जुनी मिनी यूएसबी लागते, आणि घरात सापडणारी केबल बहुधा फक्त चार्जिंगची निघते. नकाशासाठी ओपनस्ट्रीटमॅपवर बेतलेले गार्मिनचे फुकट नकाशे मिळतात. ते मायक्रो एसडी कार्डावर घ्या. कार्डाची खाच सेलखाली असते. फाइलशिवाय हाताने आकडे भरले तरी चालतं, पण मग हिंट आणि वर्णन कागदावर उतरवून न्यावं लागतं.

वाट

गाडी लावली की तिथला बिंदू आधी मार्क करा. यंत्र उघड्यावर सुरू करा आणि निघण्याआधी पाच मिनिटं द्या. मागच्या वापरानंतर शेकडो किलोमीटर प्रवास झाला असेल किंवा यंत्र महिनोन्‌महिने बंद असेल तर जास्त वेळ लागतो. उपग्रहांचं पूर्ण वेळापत्रक सिग्नलमधून उतरवायला साडेबारा मिनिटं लागतात.

ईट्रेक्सचा अँटेना चपटा असतो, म्हणून ते आकाशाकडे तोंड करून आडवं धरायचं. जीपीएसमॅप ६४, ६५, ६६ यांच्या डोक्यावरचा जाड दांडा वेगळ्या जातीचा अँटेना आहे. ती यंत्रं उभी धरली की चांगली चालतात. दोन्ही प्रकार खिशात कोंबले की अंगामुळे अर्धं आकाश झाकलं जातं. ढगांनी काही बिघडत नाही. ओल्या पानांची दाट झाडी मात्र सिग्नल कमजोर करते, आणि कड्याखाली तो खडकावर आपटून उशिरा पोचतो. तसं झालं की तुम्ही जागेवर उभे असता आणि पडद्यावरचा बिंदू मात्र वीस-तीस मीटर उड्या मारतो.

यंत्रावरचं अंतर सरळ रेषेतलं असतं हे सह्याद्रीत विसरून चालत नाही. ‘४०० मीटर’ दिसतं आणि मधे कडा असतो. उंचीच्या रेषा पाहा, कॅशच्या पानावर टेरेनचा आकडा पाहा. १ म्हणजे चाकाची खुर्ची जाईल इतकी सोपी वाट, ५ म्हणजे दोर वगैरे खास साहित्य. हा आकडा कोरड्या दिवसांचा असेल तर जुलैत त्यात मनाने एक-दीड मिळवा. बाणाच्या मागे घळीत उतरू नका. मळलेली वाट धरा आणि अंतर कमी होतंय एवढंच पाहत चला.

शेवटचे वीस मीटर

पडद्यावर ‘अचूकता ३ मीटर’ दिसतं तो अंदाज असतो, हमी नव्हे. डबी लपवणाऱ्याच्या यंत्रानेही काही मीटर खाल्लेले असतात. दोन्ही धरून १० मीटर त्रिज्येचं वर्तुळ शोधायचं ठरवा. ते ३१४ चौरस मीटर भरतं, म्हणून शून्य मीटर दाखवणाऱ्या दगडाशीच बसून राहण्यात अर्थ नाही.

तीस मीटरवर चाल मंद करा. पंधरावर थांबा, यंत्र उघड्या दगडावर दोन-तीन मिनिटं ठेवा आणि आकडा स्थिरावू द्या. बाण फिरतच असेल तर होकायंत्र कॅलिब्रेट करा. सेल बदलल्यावर हे करावंच लागतं. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे: बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, त्यामुळे खडकाला टेकून धरलेलं यंत्र चुकीची दिशा दाखवू शकतं. कातळापासून दोन पावलं मागे या. चुंबकी बटणाचं फोनचं पाकीट छातीच्या खिशात असेल तर तेही दूर ठेवा.

झाडी किंवा कड्यामुळे आकडा बसतच नसेल तर दोन रेषांची युक्ती करा. डबीच्या अंदाजे जागेपासून तीस-चाळीस मीटर पूर्वेला, उघड्यावर या. बाण कुठे रोखलाय ते पाहून त्या रेषेवरचं एखादं झाड हेरा. मग तेवढंच दक्षिणेला जाऊन तेच करा. दोन रेषा जिथे छेदतात तिथे शोध सुरू करा.

त्यानंतर यंत्र खिशात. आता डोळे वापरायचे. एकसारखे रचलेले दगड, मुळाशी टेकवलेली सालीची खपली, जिथे गवत चेपलंय ती जागा. डबीचा आकार आधी वाचलेला असू द्या: मायक्रो १०० मिलीपेक्षा लहान, स्मॉल १ लिटरपर्यंत, रेग्युलर २० लिटरपर्यंत. मायक्रो शोधत असाल तर रेलिंगची पोकळी आणि बोर्डाची मागची बाजू पाहा. रेग्युलर असेल तर तिथे वेळ घालवू नका. अर्ध्या तासात काही नाही मिळालं तर हिंट वाचा.

कपारीत हात घालण्याआधी टॉर्च आणि काठी. कोकणात आणि घाटमाथ्यावर दगडाखाली फुरसं बसलेलं असतं, विंचू तर नेहमीचाच. वर कड्याला आग्यामोहोळ दिसलं तर आवाज न करता मागे फिरा, डबी कुठे पळत नाही.

सापडली की वहीत नाव-तारीख लिहा. पेन्सिल न्या, ओल्या कागदावर बॉलपेन उमटत नाही. नॅनो (मायक्रोतल्या सगळ्यात बारीक) डबीतली गुंडाळी काढायला बारीक चिमटा लागतो. वस्तू घेतलीत तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवा. क्रमांक कोरलेली पट्टी जोडलेली वस्तू म्हणजे ट्रॅव्हल बग, तो पुढच्या डबीत सोडायचा असतो, घरी ठेवायचा नसतो. यंत्रावर ‘फाउंड’ नोंदवलंत की भेटीची नोंद फाइलमध्ये राहते आणि घरी आल्यावर चढवता येते. नाही सापडली तरी ‘डीएनएफ’ (डिड नॉट फाइंड, म्हणजे सापडली नाही) लिहा. लागोपाठ दोन-तीन डीएनएफ आले की मालकाला डबी गेल्याचं कळतं.

पुढचा टप्पा अंश आणि अंतर देऊन काढायची मल्टी कॅश (एकापेक्षा जास्त टप्प्यांची) असेल तर उत्तर दिशा खरी की चुंबकी, हे सेटिंग तपासा. महाराष्ट्रात फरक नगण्य आहे. सिएटलला तो पंधरा अंशांच्या आसपास आहे, आणि २०० मीटरवरचा बिंदू त्याने पन्नास मीटर चुकतो.

स्वतःची डबी ठेवताना

दुसऱ्या कॅशपासून किमान १६१ मीटर अंतर, जागेच्या मालकाची परवानगी, खणणं नाही. संरक्षित किल्ल्यावर, लेण्यांत किंवा अभयारण्यात डबी नकोच. धरण, रेल्वे स्थानक, लष्करी हद्द यांच्या आसपासही नको, कारण बेवारस डबा दिसला की पोलिसांना बोलावलं जातं. पारदर्शक डबी घ्या आणि बाहेरून मराठीत ‘हा खेळाचा डबा आहे’ अशी चिठ्ठी लावा. ज्या जागेत सांगण्यासारखं भूविज्ञान आहे, उदाहरणार्थ निघोजचे रांजणखळगे, तिथे डबी नसलेली अर्थकॅश जास्त शोभते. परवानगी तिलाही लागते.

आकडे एकाच वेळी घेऊ नका. गार्मिनमध्ये ‘वेपॉइंट अ‍ॅव्हरेजिंग’ आहे. एक नमुना पूर्ण होऊ द्या, मग किमान दीड तासाने दुसरा घ्या, असे चार ते आठ. तेवढ्या वेळात उपग्रहांची मांडणी बदललेली असते, म्हणून एका वेळची चूक दुसऱ्या वेळी तशीच येत नाही. मग वीसेक मीटर दूर जाऊन, स्वतःच दिलेल्या आकड्यांवर परत चालत येऊन पाहा.

फिल्मची डबी आपल्या पावसात टिकत नाही. चार कड्यांचा, रबरी गॅस्केटवाला डबा किंवा शीतपेयाच्या बाटलीचा न फुगवलेला प्रीफॉर्म घ्या. त्याचं झाकण पक्कं बसतं. वही झिपच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी. खाऊ कधीच नाही, वासाने माकडं आणि मुंग्या येतात. मेअखेरीस एकदा आणि ऑक्टोबरात एकदा जाऊन गॅस्केटमध्ये अडकलेली माती पुसा. एवढ्याशा मातीमुळे झाकणाला फट राहते आणि पहिल्याच मुसळधार पावसात वहीचा लगदा होतो.