यूएनचं मेडल हाती आलं की आधी फीत वाचा

आमच्या घरी दसऱ्याच्या आधी पितळेची सगळी भांडी चिंच लावून घासली जायची. त्यांच्याबरोबर आप्पांचं मेडलही असायचं आणि ते काम माझ्याकडे होतं. मी ते इतक्या मनापासून केलं की आज भिंगाखाली धरलं तर मागच्या बाजूला कोरलेल्या ‘इन द सर्व्हिस ऑफ पीस’ या ओळीतला ‘पीस’ शब्द जवळजवळ सपाट दिसतो. आप्पा सैन्याच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहन विभागात होते, यूएनच्या शांतिसेनेतून गाझाला जाऊन आलेले. तेव्हा ट्रंकेतून असं मेडल निघालं, तर कृपा करून त्याला चिंच, लिंबू, राख, ब्रासो यांतलं काहीही लावू नका. ब्राँझवर चढलेला तो काळपट तपकिरी रंग म्हणजे मळ नव्हे. मऊ सुती फडक्याने धूळ टिपा, तेवढं पुरे.

मग समोरची बाजू बघा. ऑलिव्हच्या फांद्यांमध्ये उत्तर ध्रुवावरून दिसणारा जगाचा नकाशा आणि वर ‘यूएन’ ही दोन अक्षरं असतील, तर ते संयुक्त राष्ट्रांचं नेहमीचं मेडल. १९५९ मध्ये त्याचे नियम झाले आणि तेव्हापासून जवळपास प्रत्येक मोहिमेला हाच साचा वापरला गेला. आपल्याकडच्या लष्करी पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं असतं. इथे नाव नाही, साल नाही, देशही नाही. सायप्रसमधला शिपाई आणि सोमालियातला शिपाई, दोघांच्या हातात धातू तोच. फरक फितीत असतो, म्हणून फीत हरवली की मेडल मुकं होतं.

फितीचे रंग सहसा त्या जागेवरून घेतलेले असतात. गाझा-सिनाईच्या पहिल्या फौजेची, म्हणजे १९५६ ते १९६७ च्या यूएनईएफची (युनायटेड नेशन्स इमर्जन्सी फोर्स), फीत वाळूच्या रंगाची आहे. मधोमध यूएनचा फिकट निळा रुंद पट्टा आणि कडेला गडद निळ्या व हिरव्या बारीक रेघा. वाळवंट, सुएझ कालवा आणि नाईलचं खोरं, असा त्या रंगांचा अर्थ. १९७३ नंतरच्या दुसऱ्या यूएनईएफची फीत मात्र उलटी: वाळूचा पट्टा मध्ये, निळा कडेला. घाईत बघणाऱ्याची इथे हमखास गफलत होते.

माझीही झाली. एका व्यापाऱ्याने ‘गाझा’ म्हणून दिलेलं मेडल मी फितीवर भाळून घेतलं. घरी आल्यावर आप्पांच्या मेडलशेजारी ठेवलं, तेव्हा लक्षात आलं की आप्पांच्या मेडलवर वर ‘यूएनईएफ’ ही चार अक्षरं आहेत आणि नव्यावर नुसतं ‘यूएन’. पहिल्या यूएनईएफचं मेडल १९५९ च्या आधीचं, म्हणून त्यावर फौजेचं स्वतःचं नाव आहे. कोणीतरी नेहमीच्या मेडलला गाझाची फीत ओवली होती. तेव्हापासून माझा नियम असा: फीत आणि अक्षरं एकमेकांशी जुळवल्याशिवाय पाकीट काढायचं नाही.

काँगोचं प्रकरण याहून नाजूक आहे. १९६० मध्ये फौज गेली तेव्हा त्यांना पॅलेस्टाईनमधल्या यूएनच्या युद्धबंदी निरीक्षकांचीच फीत मिळाली, निळ्यावर दोन बारीक पांढऱ्या रेघा, आणि ओळख म्हणून वर ‘काँगो’ लिहिलेली धातूची पट्टी. पुढे १९६३ मध्ये वेगळी फीत आली: मध्ये रुंद हिरवा, दोन्ही बाजूंना पांढरी रेघ, कडेला निळा. त्यामुळे घरात निळी-पांढरी फीत आणि पट्टी निघाली तर ‘चुकीची लावलीय’ म्हणून बदलायला धावू नका. ती लवकर गेलेल्या माणसाची असू शकते. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांना ५ डिसेंबर १९६१ ला एलिझाबेथव्हिलला वीरमरण आलं, परमवीर चक्र मिळालं, ते याच मोहिमेत.

नाव शोधायचं तर विदेश सेवा मेडल हुडका. परदेशातल्या सेवेसाठी भारत सरकारने दिलेलं, एका बाजूला जहाज असलेलं. त्याच्या कडेवर नाव असतं आणि फितीवरच्या पट्टीवर देश. दोन्ही मेडलं एकाच पिनेवर असतील तर ती सोडवू नका; शिंप्याने घातलेले ते टाकेसुद्धा पुरावा आहेत. डिस्चार्ज बुकातली नोंद, ग्रुप फोटो, पत्रावरचा शिक्का, हे सगळं त्याच डब्यात राहू द्या.

कोरियाचं मेडल लगेच कळतं: निळ्या-पांढऱ्या सतरा उभ्या पट्ट्यांची फीत आणि ‘कोरिया’ची पट्टी. यावरचा मजकूर देशागणिक वेगळ्या भाषेत असतो, तुर्की, ग्रीक, थाई, अगदी इथिओपियाच्या अम्हारिकमध्येही. कोरियन युद्धात गेलेल्या आपल्या वैद्यकीय पथकाच्या, ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्सच्या, कामाशी जोडलेलं मेडल म्हणून कोणी तुर्की अक्षरांचं दाखवलं तर हात जोडा आणि पुढे चला. व्हिएतनाम, लाओस, कंबोडियातल्या युद्धबंदीवर देखरेख करणाऱ्या इंडो-चायना आयोगाचं मेडल यूएनचं नव्हेच. भारत, कॅनडा, पोलंड या तिघांचं ते. हिरवा, पांढरा, लाल अशी फीत.

खरं-खोटं बघायला भिंग आणि मोजपट्टी लागते. व्यास साधारण ३५ मिलिमीटर. डाय मारलेल्या, म्हणजे ठशाने दाबून काढलेल्या मेडलवर अक्षरांच्या कडा तीक्ष्ण असतात. ओतीव नकलेत त्या मेणासारख्या गोल होतात, बारीक छिद्रं दिसतात, कधी कडेवर जोडाची रेघ सापडते. फितीची घडी उलगडून आतला रंग बघा. बाहेर विटलेला आणि आत गर्द असेल तर ती फीत वर्षानुवर्षं तिथेच आहे. जवान लोक परेडसाठी दुकानातून नक्कल करून घेत, तीही त्यांच्याच छातीवरची असते. तिला खोटं म्हणू नका, ‘नक्कल’ म्हणून नोंदवा.

जुन्या बाजारात घेताना ‘कुठून आलं?’ हे मी नेहमी विचारते. घरच्यांनी अडचणीत विकायला काढलं असेल तर घेत नाही. फोटो काढून, माहिती लिहून देते आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा रस्ता दाखवते. डाग हॅमरशोल्ड पदक, म्हणजे शांतिसेनेत प्राण गेलेल्याच्या घरी दिला जाणारा नाव कोरलेला स्फटिक, त्याला तर हात लावू नये. तो त्या घराचा आहे.

पावसाळ्यात प्लास्टिकच्या पाकिटात मेडल ठेवलं की हिरवट बुरशीसारखा थर चढतो. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. प्रत्येकासोबत एक कार्ड ठेवा, पेन्सिलने लिहिलेलं: कोणाचं, कुठलं, कोणी दिलं, काय बदललं. आप्पांच्या कार्डावर शेवटची ओळ अशी आहे: ‘मागची अक्षरं झिजलेली, चिंचेने, धाकट्या मुलीच्या हातून. फीत मूळची.’