भिंतीला पोट, कपाटाला पीळ
वरची कपाटं लावताना पहिल्याच दिवशी अडलो. भिंतीला मधोमध पोट आलेलं. लांब सरळ पट्टी धरली तर दोन्ही टोकांना ६ मिलिमीटर फट. तसेच स्क्रू आवळले, तर चौकटच पिळली आणि दारं एकमेकांना घासू लागली. सगळं उतरवलं. भिंत सर्वांत पुढे आलेली जागा शोधली, तिथलं कपाट आधी लावलं, बाकीची त्याच्या रेषेत आणली. मागच्या फटीत प्लायच्या पाचरी सरकवल्या. पाचर अगदी स्क्रूच्या जागीच हवी, नाहीतर आवळताना कपाटाची पाठ आत ओढली जाते. कडेची फट झाकायला रुंद पट्टी घेतली, कंपासने भिंतीची वळणं तिच्यावर उतरवली आणि रंध्याने हळूहळू तासली. आता तिथे नखही शिरत नाही.