फोनवरून गणिताचा गृहपाठ घ्यायचाय? आधी कच्ची वही मागवा

नववी-दहावीच्या मुलांना फोनवरून गणित समजावणारे आपल्यातले बरेच जण शिक्षक नसतातच. कोणी आत्या असते, कोणी मामा, कोणी शहरात नोकरीला आलेला चुलतभाऊ, आणि संध्याकाळी मेसेज येतो, "सरावसंच १.५ मधलं चौथं येत नाहीये, सोडवून पाठव ना", सोबत पुस्तकाच्या पानाचा तिरका फोटो. आपणही नुकतेच ऑफिसमधून आलेले असतो, कागदावर पटकन सोडवतो, फोटो टाकतो, तिकडून अंगठा येतो, विषय संपला. गणित वहीत उतरलं, पण डोक्यात काही गेलं नाही, आणि हे आपल्याला सहामाहीचे मार्क आले की कळतं.

माझं अगदी मनापासून सांगणं आहे की पुस्तकाच्या पानाचा फोटो आला की लगेच उलट मेसेज टाका, "तुझ्या कच्च्या वहीचं पान पाठव". खाडाखोड केलेलं, अर्धवट सोडलेलं, जसं असेल तसं. मुलं लाजतात, म्हणतात मी काही केलंच नाही, तरी चिकाटी सोडू नका, "जेवढं केलंस तेवढंच पाठव, निदान दिलेली माहिती लिहून पाठव" असं म्हणा. कारण कुठे अडलंय हे मुलाला शब्दात सांगता येत नाही, ते फक्त "येत नाही" म्हणतं, पण कच्च्या पानावर ती जागा बरोबर दिसते.

आता हेच बघा. गणित असं, की एक दोन अंकी संख्या आणि तिचे अंक अदलाबदल करून येणारी संख्या यांची बेरीज १२१, एकक स्थानचा अंक दशक स्थानच्या अंकापेक्षा ३ ने मोठा, तर ती संख्या कोणती. माझ्या भाचीच्या कच्च्या पानावर दशक स्थानचा अंक एक्स, एकक स्थानचा वाय असं नीट मानलेलं होतं आणि खाली लिहिलेलं, एक्स + वाय + वाय + एक्स = १२१. म्हणजे पोरीला दोन चलांतील समीकरणं सोडवता येत होती, अडलेलं होतं ते स्थानिक किमतीत, जी ती प्राथमिक शाळेत शिकलीय. मी विचारलं, ५२ मध्ये ५ म्हणजे किती? म्हणाली पन्नास. मग दशक स्थानी एक्स असेल तर? थोडा वेळ काहीच आवाज नाही, मग एकदम "अगं दहा एक्स!" पुढचं तिनंच केलं, ११ एक्स + ११ वाय = १२१, म्हणजे अंकांची बेरीज ११, फरक ३, संख्या ४७. शेवटी ४७ आणि ७४ मिळवून १२१ येतात का तेही तिनंच बघितलं. मला फक्त दोन प्रश्न विचारावे लागले. पूर्ण सोडवलेला कागद पाठवला असता तर ती दहा एक्स + वाय ही ओळ तिनं तशीच उतरवून घेतली असती आणि का ते कधी विचारलंच नसतं.

दहावीचं गणित अडलेलं दिसलं तरी चूक बऱ्याचदा सहावी-सातवीतली असते. कंसाबाहेर वजा चिन्ह आहे आणि कंस सोडताना आतल्या दुसऱ्या पदाचं चिन्ह बदललंच नाही, अपूर्णांकांची बेरीज करताना छेदाची पण बेरीज केली, ऋण संख्येचा वर्ग ऋणच ठेवला. वर्गसमीकरणात सूत्र तोंडपाठ असतं आणि उत्तर दरवेळी चुकतं ते यामुळेच. असं दिसलं की त्या दिवशीचा सरावसंच बाजूला ठेवा आणि तेवढ्या एका गोष्टीची पाच-सहा छोटी उदाहरणं तोंडी घ्या. पालक मागून ओरडतील की गृहपाठ राहिला, राहू द्या, शाळेत एक दिवस अपूर्ण गृहपाठ गेला तरी चालतो.

आता फोनची जुळवाजुळव. व्हिडिओ कॉलवर मुलाचा चेहरा बघून आपल्याला काही उपयोग नाही, वही दिसली पाहिजे. त्यासाठी स्टँड विकत घ्यायची अजिबात गरज नाही. स्वयंपाकघरातला मोठा डबा पालथा ठेवायचा, त्यावर फोन असा ठेवायचा की कॅमेऱ्याचा भाग काठाच्या बाहेर येईल, फोनच्या मागच्या बाजूला एक जाड पुस्तक वजन म्हणून ठेवायचं, आणि मागचा कॅमेरा चालू करायचा. डबा कमी उंचीचा असेल तर खाली दोन पुस्तकं सरकवा. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून आला पाहिजे, नाहीतर हाताची सावली नेमकी लिहिलेल्या ओळीवर पडते. पेन्सिलने फिकट लिहिलेलं कॅमेऱ्यात दिसत नाही, म्हणून कॉलपुरतं निळं पेन घ्यायला सांगा, आकृती मात्र पेन्सिलनेच.

पण खरं सांगायचं तर रोज व्हिडिओ कॉल जमत नाही. घरात एकच स्मार्टफोन, तोही बाबांबरोबर कामावर जातो, रात्री आठला घरी येतो, तोवर दिवसाचा डेटा संपत आलेला, आणि घाटाखालच्या गावात पावसाळ्यात रेंजचं तर विचारूच नका. अशा घरांसाठी साधा फोन कॉल उत्तम चालतो, फक्त दोन्हीकडे तेच पान उघडं पाहिजे. बालभारतीची पुस्तकं ईबालभारतीच्या साइटवर पीडीएफमध्ये फुकट मिळतात, गणित भाग १ आणि भाग २ दोन्ही एकदा उतरवून ठेवा, म्हणजे "पान अमुक, वरून तिसरी ओळ" एवढं म्हटलं की झालं. आणि मूल ज्या माध्यमात शिकतंय त्याच माध्यमाचं पुस्तक घ्या, कारण मराठी माध्यमात दोन कोन जुळले की त्रिकोण समरूप, या कसोटीला कोको म्हणतात तर सेमीवालं मूल तीच एए टेस्ट म्हणून शिकलेलं असतं, आणि आपण आपल्या शाळेतले शब्द वापरले की ते उगाच गोंधळतं. फोटो व्हॉट्सॲपवर एचडी करून पाठवायला शिकवा, नाहीतर वर लिहिलेला घात आणि गुणिलेचं चिन्ह पुसट होऊन जातं आणि आपण भलतंच वाचतो.

कॉलवर बोलताना गप्प बसायची सवय करावी लागते, आणि मला तरी सगळ्यात अवघड तेच वाटतं. समोरासमोर असलं की मूल विचार करतंय हे दिसतं, फोनवर नुसती शांतता असते, आणि आपल्याला वाटतं कॉल कट झाला की काय, किंवा त्याला येत नाहीये, मग आपणच पुढची पायरी सांगून टाकतो. तसं करू नका. आधीच सांगून ठेवा, "तू कर, मी इथेच आहे, झालं की बोल". मिनिटभर शांतता गेली तरी काही बिघडत नाही. अगदीच अडलं तर पायरी सांगण्याऐवजी प्रश्न विचारा, काय दिलंय, काय काढायचंय, यासारखं याआधी कुठलं केलं होतंस.

भूमिती फोनवरून घ्यायची म्हणजे वेगळं प्रकरण. तिथे पहिला नियम, आकृती मुलानं काढायची, आपण नाही. पक्ष (काय दिलंय) आणि साध्य (काय सिद्ध करायचंय) लिहायच्या आधी कच्ची आकृती, आणि दिलेली प्रत्येक गोष्ट आकृतीवर खुणेने दाखवलेली, सारख्या बाजूंना सारख्या रेघा, सारख्या कोनांना सारखे कंस. समरूप त्रिकोणात मुलं शिरोबिंदूंचा क्रम कसाही लिहितात आणि मग बाजूंची गुणोत्तरं चुकतात, तेव्हा आधी फक्त संगती बोलून घ्या, हा कोन कुठल्या कोनाला जुळतो, मग तो, मग तो, आणि त्याच क्रमाने नावं लिहायला सांगा. सिद्धतेच्या प्रत्येक ओळीसमोर कारण पाहिजे, "दिसतंय तसं" हे कारण नाही, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

वर्तुळाच्या प्रकरणात मात्र मोबाइलचा खरा फायदा होतो. जिओजेब्रा नावाचं फुकट ॲप आहे, ब्राउझरमध्येही चालतं, त्यात एक वर्तुळ काढा, वर्तुळावरच्या दोन बिंदूंवरून जीवा घ्या, तिसरा बिंदू वर्तुळावर ठेवून तिथला कोन मोजायला लावा, आणि मग मुलाला म्हणा तो तिसरा बिंदू बोटाने सरकव. बिंदू जीवेच्या एका बाजूला फिरतोय तोवर कोनाचं माप हलतच नाही, आणि दुसऱ्या बाजूला गेला की नवं माप येतं, त्या दोन्ही मापांची बेरीज १८० अंश. एकाच कंसात अंतर्लिखित झालेले कोन एकरूप असतात हे वाक्य पाठ केलेल्या मुलानं हे एकदा स्वतःच्या बोटानं बघितलं की ते प्रमेय विसरत नाही. भौमितिक रचना मात्र ॲपवर नकोच, तिथे कंपास, पट्टी आणि कागद, आणि कंपासचे कंस खोडायचे नाहीत, तेच तर तपासणारे बघतात.

अर्थनियोजनाच्या, म्हणजे कर वगैरेच्या प्रकरणासाठी घरातलंच बिल घ्या. जीएसटीचं बिल असलं की त्यावर सीजीएसटी ९ टक्के, एसजीएसटी ९ टक्के असं वेगळं छापलेलं असतं, त्याचा फोटो मुलाला काढायला सांगा आणि करपूर्व किंमत झाकून ती काढायला लावा. समजा करासहित किंमत ११८० आणि दर १८ टक्के. दहातली आठ मुलं ११८० चे १८ टक्के काढून वजा करतील, ९६७ रुपये ६० पैसे. तेव्हा चूक आहे म्हणू नका, म्हणा आता या किमतीवर १८ टक्के लावून बघ परत ११८० येतात का. साधारण ११४२ च्या आतच राहतात. मग मूल स्वतःच शोधतं की १८ टक्के हे मूळ किमतीवर लागलेले आहेत, म्हणजे ११८ ला १०० तर ११८० ला १०००. पडताळा घ्यायची ही सवय समीकरणातही लावा, काढलेली किंमत परत मूळ समीकरणात घालून बघायची, उत्तरसूची नंतर.

आता ॲपचं. फोटो काढला की सोडवून देणारी फोटोमॅथसारखी ॲप आणि एआयवाले चॅटबॉट मुलांच्या हातात आहेतच, बंदी घालून काही होत नाही. पण दोन गोष्टी समजावून सांगा. पुस्तकाने क्रेमरची पद्धत (निश्चयक काढून दोन समीकरणं सोडवायची) वापरायला सांगितली असेल आणि ॲपने दुसऱ्याच पद्धतीने सोडवलं तर उत्तर बरोबर येऊनही मार्क जातात. आणि भूमितीच्या आकृतीत चॅटबॉट अगदी ठाम सुरात चुकीचं सांगतात. माझा नियम असा, आधी स्वतः वहीत करायचं, मग ॲपवर बघायचं, आणि दोन्हीत फरक कुठल्या ओळीत पडला तेवढी ओळ मला पाठवायची. ॲप असं वापरलं की चांगलं कामाला येतं.

दहावीला बोर्डाचे गणिताचे दोन्ही पेपर ४०-४० मार्कांचे आणि दोन-दोन तासांचे, उरलेले २० मार्क शाळेकडचे. पेपरात "कृती पूर्ण करा" म्हणून अर्धवट सोडवलेलं गणित आणि मध्ये रिकाम्या चौकटी असतात, आणि मुलं मागची-पुढची ओळ बघून अंदाजाने चौकट भरतात. गृहपाठात अशी कृती आली की चौकटी भरून झाल्यावर पान झाकायला सांगा आणि तेच गणित कोऱ्या कागदावर पहिल्यापासून करायला सांगा. इथे खरं काय ते कळतं.

शेजाऱ्यांची, ओळखीच्यांची मुलं घेत असाल तर सगळं त्यांच्या आई-बाबांच्या नंबरवरूनच चालू द्या, ग्रुप केला तर त्यात घरचं मोठं माणूस हवंच, कॉलच्या वेळी मूल घरातल्या बसण्याच्या खोलीत असू दे, रेकॉर्डिंग नको, आणि मुलाच्या चुकलेल्या पानाचा फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकायचा नाही, भावंडांच्या तर मुळीच नाही. वेळही ठरवून घ्या, अर्धा-पाऊण तास खूप झाला, रात्री दहानंतर आलेल्या गणिताला "उद्या बघू, झोप आता" हेच उत्तर.

एखादं गणित आपल्यालाच नाही आलं तर सरळ सांगा की मला आत्ता येत नाहीये, बघून उद्या सांगते, किंवा उद्या शाळेत सरांना ही नेमकी ओळ दाखवून विचार. नेमकी कुठली ओळ विचारायची ते मात्र कॉलवर दोघांनी मिळून ठरवा आणि कच्च्या वहीत तिच्याभोवती गोल करून ठेवायला सांगा, म्हणजे वर्गात हात वर करताना मुलाला काय बोलायचं ते माहीत असतं. आणि रविवारी, नेट असेल तेव्हा, त्या आठवड्यात अडलेल्यातलं एक गणित मुलाला व्हॉइस मेसेजवर आपल्याला समजावून सांगायला लावा. जिथे ते अडखळेल ते सोमवारी पहिलं घ्या.